हॉर्न ऐकू येतो का? एका सरकारी प्रश्नाची गोष्ट

आजचा एपिसोड कानांबद्दल आहे आणि तुम्हीही तो बहुतेक कानात इअरफोन घालूनच ऐकताय. म्हणून आधी एक विनंती. आत्ता गाडी चालवत असाल तर पॉज करा. एपिसोड कुठे पळून जात नाही. असं का म्हणतोय, ते पुढे येईलच.

तुमच्यापैकी ज्यांच्याकडे लायसन आहे, त्यांनी एका प्रश्नाचं उत्तर आधीच दिलेलं आहे. आठवतंय का बघा. लर्निंग लायसनला तब्येतीचं घोषणापत्र भरावं लागतं, तो फॉर्म १. त्यात फिट येते का, रातांधळेपणा आहे का, पंचवीस मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, असे प्रश्न वर्षानुवर्षं विचारले गेलेत. त्यातलाच एक प्रश्न साधारण असा आहे: नेहमीचा ध्वनिसंकेत ऐकू येणार नाही इतके तुम्ही बहिरे आहात का? आपण 'नाही' म्हणतो आणि पुढे जातो.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र अट दिसली की ती कोणी लिहिली, कधी लिहिली आणि कुठली अडचण सोडवायला लिहिली, हे शोधायची सवय लागलेली असते. ही अट वाचून मला तसंच झालं. 'नेहमीचा ध्वनिसंकेत' म्हणजे नेमका कुठला आवाज? आणि तो ऐकू आला म्हणजे माणूस गाडी नीट चालवतो, हे कोणी ठरवलं?

घंटी, भोंगा आणि कायदा

रस्त्यावर आवाज करून वाट मागणं मोटारीपेक्षा खूप जुनं आहे. बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा असायच्या. टपाल घेऊन पळणाऱ्या डाकवाल्याच्या काठीला घुंगरं असायची. तो आवाज आला की लोक बाजूला व्हायचे, कारण रस्त्यावर असे आवाज मोजकेच असायचे. घुंगरू वाजलं की काय येतंय ते कळायचं आणि आपण काय करायचं तेही कळायचं.

मग मोटार आली. ब्रिटनमध्ये १८९६ साली रस्त्यावरच्या हलक्या यांत्रिक गाड्यांसाठी कायदा झाला. त्यात सांगितलं होतं की गाडीवर घंटी किंवा दुसरं एखादं साधन हवं, ज्याचा आवाज ऐकून गाडी येतेय याची पुरेशी सूचना मिळेल. एक गोष्ट लक्षात घ्या. इथे ऐकायचं होतं ते पायी चालणाऱ्याने, टांगेवाल्याने, घोडेस्वाराने. ड्रायव्हरने फक्त वाजवायचं होतं.

आपल्याकडे ब्रिटिश हिंदुस्थानभर लागू झालेला पहिला मोटार कायदा १९१४ चा. त्यानंतर १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. त्याच्या परिशिष्टात लायसन देऊच नये अशा आजारांची आणि व्यंगांची यादी होती. फेफरं, रातांधळेपणा अशांच्या बरोबरीने तिथे बहिरेपणाही होता. नेहमीचे ध्वनिसंकेत ऐकू येणार नाहीत एवढा बहिरेपणा असेल तर लायसन नाही. म्हणजे जबाबदारी फिरली. आता ऐकायचं काम ड्रायव्हरच्याही कानावर आलं.

१९८८ चा नवा कायदा आला, १९८९ चे केंद्रीय नियम आले, फॉर्म नवे छापले गेले. पण ते शब्द जवळजवळ जसेच्या तसे पुढे आले. शब्द तेच राहिले आणि त्यामागचा आवाज मात्र पार बदलला.

बहिऱ्यांना ऐकवणारा आणि सगळ्यांना बहिरं करणारा

आवाज कसा बदलला ते सांगायला जरा अमेरिकेत जाऊ. मिलर रीझ हचिसन नावाचा इंजिनियर, जन्म १८७६, अलाबामा राज्यातला. त्याने विजेवर चालणाऱ्या सुरुवातीच्या श्रवणयंत्रांपैकी एक बनवलं. आधी त्याचं नाव अकूफोन होतं, नंतर सुधारित यंत्र अकूस्टिकॉन या नावाने विकलं गेलं. इंग्लंडच्या राणी अलेक्झांड्रा यांना कमी ऐकू यायचं, त्यांनीही ते वापरलं.

याच माणसाने पुढे मोटारीचा एक हॉर्न बनवला. विजेच्या मोटरवर फिरणारं दातेरी चाक एका धातूच्या पडद्यावरच्या खिळ्याला घासत जातं आणि कान किटवणारा 'आऽऽऊगा' असा आवाज निघतो. न्यू जर्सीतल्या नेवार्कमधल्या लोव्हेल-मॅककॉनेल कंपनीने १९०८ मध्ये तो बाजारात आणला. नाव ठेवलं क्लॅक्सन. किंचाळणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घेतलं होतं. त्याआधी रबरी फुग्याचा पों-पों भोंगा होता, त्याच्यापुढे हा राक्षसच. पहिल्या महायुद्धात खंदकांमध्ये विषारी वायूचा इशारा द्यायला क्लॅक्सन वापरले गेले, यावरून त्याच्या आवाजाची कल्पना येईल.

तेव्हा एक विनोद फिरायचा. हचिसनने आधी श्रवणयंत्र काढलं आणि मग ते खपावं म्हणून लोकांना बहिरं करणारा हॉर्न काढला! विनोद सोडा, पण तिथून एक शर्यत सुरू झाली. इतर आवाज वाढले म्हणून हॉर्न मोठा झाला, आणि हॉर्न मोठा झाला म्हणून इतर आवाजांत आणखी भर पडली.

आमच्या वरव्याचा रस्ता

मी वरवे बुद्रुकचा. भोर तालुका, पुणे-सातारा महामार्गाला लागून गाव. पूर्वी हा राष्ट्रीय महामार्ग ४ होता, आता ४८ म्हणतात. पुण्याहून येताना खेड-शिवापूरचा टोलनाका ओलांडला की वरवे, पुढे नसरापूर फाटा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना हा रस्ता एकेरी असल्यापासून आठवतो. नंतर तो चौपदरी झाला, आणि २०१० नंतर सहापदरीकरणाचं काम सुरू झालं.

एकेरी रस्त्याच्या काळात हॉर्नला खरंच काम होतं. कडब्याने भरलेला ट्रक पुढे चाललाय. त्याच्या आरशात कडब्याशिवाय काही दिसत नाही. मागच्याने हॉर्न द्यायचा, पुढच्या क्लीनरने हात बाहेर काढून खूण करायची, मग ओव्हरटेक. ट्रकच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेलं असायचं ते यासाठीच. मधल्या 'ओके'बद्दल दहा गोष्टी सांगितल्या जातात, रॉकेलची, साबणाची. त्यात आज शिरत नाही. मुद्दा एवढाच की तिथे कान आरशाचं काम करत होते.

घाटातही तसंच. भोरहून महाडला वरंध घाटाने गेलात तर समजेल. वळणाआडचं डोळ्यांना दिसत नाही, पण आवाज वळण घेऊन येतो. म्हणून निळ्या गोलावर हॉर्नचं चित्र असलेली 'हॉर्न वाजवा' अशी पाटी वाहतूक चिन्हांत अधिकृत आहे. तिथे हॉर्न वाजवलाच पाहिजे, आणि समोरच्याने तो ऐकलाच पाहिजे.

पण सहापदरी रस्त्यावर, दोन्ही बाजूंना आरसे असलेल्या गाड्यांना तोच नियम लावला तर काय होतं, ते रोज ऐकतोच आपण. ३० एप्रिल २०१५ ला महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी परिपत्रक काढून मालवाहू गाड्यांवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी केली. कारण दिलं की त्यामुळे उगाच हॉर्न वाजवायला प्रोत्साहन मिळतं. त्याआधी १८ जुलै २००५ ला सुप्रीम कोर्टाने रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा हॉर्न वाजवू नये असं सांगितलं होतं. आणि २०२० च्या जानेवारीत मुंबई पोलिसांचा तो व्हिडिओ तुम्ही पाहिलाच असेल. सिग्नलला डेसिबल मीटर जोडलेला, आवाज ८५ च्या वर गेला की लाल दिव्याची उलटी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. वाजवा किती वाजवायचं ते!

एसटीची दोरी

मग आवाजाने गाडी सुरक्षित चालवता येतच नाही का? येते की. आणि त्याचा उत्तम नमुना आपल्याच एसटीत होता.

१ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली एसटी धावली. एसटीत कंडक्टरच्या डोक्यावर एक दोरी असायची, तिला पुढे ड्रायव्हरजवळ घंटी. एक टोला म्हणजे थांब. दोन टोले म्हणजे चल. बस. मागच्या दाराशी कोण चढतंय, कोणाचा पाय अजून पायरीवर आहे, हे ड्रायव्हरला दिसत नाही. ते कंडक्टर बघतो आणि घंटीने सांगतो.

आमच्या भाषेत याला प्रोटोकॉल म्हणतात. पाठवणारा एक, ऐकणारा एक, संदेश दोनच, आणि प्रत्येकाचा अर्थ आधीच ठरलेला. आता हॉर्न बघा. 'बाजूला हो', 'मी आलोय', 'आभारी आहे', 'डोळे फुटले का', 'सिग्नल सुटला', 'सदाभाऊ, ओळखलं का', या सगळ्याला एकच आवाज. पत्ता कुणाचाच नाही, पोचतो मात्र शंभर जणांना. ग्रुपवर रोज दोनशे 'शुभ सकाळ' पडले की कामाचा मेसेज कोण वाचतं? कानाचंही तसंच होतं. सतत वाजणारी गोष्ट मेंदू ऐकायची सोडून देतो.

म्हणजे फॉर्ममधल्या त्या प्रश्नाला 'नाही, मी बहिरा नाही' म्हणणारे आपण लाखो लोक गाडीवर बसल्यावर निम्मे हॉर्न ऐकतच नाही. लायसन मात्र आपल्याला मिळतं.

आणि ज्याला खरंच ऐकू येत नाही त्याचं काय?

हा विषय मी का घेतला, तर आमच्या भावकीतल्या एका दादामुळे. जन्मापासून त्याला ऐकू येत नाही. शेती करतो. बांधावरून ट्रॅक्टर असा काढतो की बघत राहावं. रिव्हर्स घेताना दर दोन सेकंदांनी मान दोन्हीकडे वळते. मोटरसायकलच्या लायसनसाठी काकू त्याला घेऊन गेली, तर एक एजंट खिडकीपर्यंत जाऊच देईना. "मावशी, ह्याला ऐकायलाच येत न्हाय, मग लायसन कसं मिळायचं? उगा हेलपाटं नका घालू." काकू परत आली. दादाने हाताने विचारलं, काय झालं? काकूने नुसती मान हलवली.

एजंटचं म्हणणं तेव्हाच कालबाह्य झालेलं होतं. नॅशनल असोसिएशन ऑफ द डेफ ही संस्था हा प्रश्न घेऊन दिल्ली हायकोर्टात गेली होती. १४ फेब्रुवारी २०११ ला कोर्टाने सांगितलं की कर्णबधिर माणसाला अर्ज करण्यापासूनच अडवता येणार नाही. त्याची चाचणी घ्या, पास झाला तर लायसन द्या. त्यानंतर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने एम्सच्या तज्ज्ञांचं मत घेतलं. ते असं होतं की गाडी चालवणं हे मुख्यतः डोळ्यांचं काम आहे, त्यात ऐकण्याचा वाटा थोडा आहे. त्या आधारावर २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये मंत्रालयाने सगळ्या राज्यांना कळवलं की केवळ ऐकू येत नाही म्हणून खासगी गाडीचं लायसन नाकारू नका. गाडीवर पुढून-मागून दिसेल अशी खूण असावी, एवढंच.

अमेरिकेतही हाच वाद झाला. तिथे ट्रकड्रायव्हरची अजून एक चाचणी असते: पाच फुटांवरून मुद्दाम जोर देऊन केलेली कुजबुज ऐकू यायला हवी. विचार करा, इंजिनाच्या घरघरीत बसणाऱ्या माणसाची परीक्षा शांत खोलीतल्या कुजबुजीने! २०१३ च्या फेब्रुवारीत तिथल्या सरकारने चाळीस कर्णबधिर ड्रायव्हरना या अटीतून सूट दिली, आणि नंतर आणखी लोकांना ती मिळत गेली.

आदेश निघून वर्षं झाली, पण खिडकीवर, एजंटच्या टेबलावर, घरच्यांच्या मनात जुना १९३९ चाच नियम चालू आहे. म्हणून हे जरा मोठ्याने सांगतोय. तुमच्या ओळखीत असं कोणी असेल तर २०११ चा निकाल आणि २०१६ चं पत्र या दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्यांची प्रिंट हातात असली की बोलणं बदलतं.

हेल्मेट आणि पुणेरी कान

आता पुण्याकडे वळू. १ जानेवारी २०१९ पासून पुणे पोलिसांनी हेल्मेटची कारवाई जोरात सुरू केली आणि विरोधात मोर्चे निघाले. हेल्मेटने मान दुखते, केस जातात, बाजूचं दिसत नाही, आणि हमखास येणारा मुद्दा: मागचा हॉर्न ऐकू येत नाही.

हा शेवटचा दावा जुना आहे आणि तपासलाही गेलाय. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातले मोटरसायकलचे ९०० अपघात प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले. १९८१ साली अहवाल आला. त्यात निष्कर्ष असा होता की हेल्मेटमुळे रस्त्यावरचे महत्त्वाचे आवाज अडले, असं आढळलं नाही.

असं का, हे समजायला सोपं आहे. हेल्मेट हॉर्नचा आवाज कमी करतं हे खरं, पण त्याच वेळी आजूबाजूचा गोंगाटही तेवढाच कमी करतं. आवाज ऐकू येणं हे हॉर्न गोंगाटाच्या किती वर आहे यावर ठरतं. दोन्ही सारखेच खाली आले तर फरक तोच राहतो. उलट ताशी साठ-सत्तरच्या पुढे कानाजवळून जाणाऱ्या वाऱ्याचाच आवाज ९० डेसिबलच्या आसपास पोचतो. म्हणजे उघड्या डोक्याने चालवणाऱ्याचे कान मोकळे असतात, असंही काही नाही. ते वाऱ्याने भरलेले असतात.

गाडीतही तेच. काचा वर, एसी चालू, गाणी चालू. मागून रुग्णवाहिका आली तर सायरन ऐकू येईल, पण कुठून येतोय ते चटकन कळत नाही. आपला मेंदू दोन कानांत आवाज पोचण्यातल्या फरकावरून दिशा ओळखतो. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. बंद गाडीत आवाज काचेतून, टपातून, दारातून असा चहूबाजूंनी शिरतो आणि हा हिशेब बिघडतो. शेवटी आपण काय करतो? आरशात बघतो.

मग इअरफोनचं काय?

इथे तुम्ही म्हणाल, ऐकण्याचा वाटा थोडाच आहे ना, मग कानात पॉडकास्ट असला तर बिघडलं कुठे?

२६ एप्रिल २०१८ ला उत्तर प्रदेशात कुशीनगरला एक स्कूलव्हॅन बिनफाटकाच्या रेल्वे क्रॉसिंगवर गाडीखाली आली. तेरा मुलं गेली. ड्रायव्हरच्या कानात इअरफोन होते, असं प्राथमिक चौकशीत पुढे आलं.

आता यातला फरक बघा. आमच्या दादाला माहीत आहे की त्याला ऐकू येत नाही. म्हणून त्याची मान सतत फिरते, त्याचे डोळे दुप्पट काम करतात. इअरफोनवाल्याचे कान बंद असतात, पण डोळे जुन्याच सवयीने वागतात, कान उघडे असल्यासारखे. शिवाय कानात बोलणारा माणूस, म्हणजे आत्ता मी, तुमचं लक्षही ओढून घेतो. बहिरेपणा लक्ष ओढत नाही. ऐकू येत नसणं आणि लक्ष नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायद्याने इतकी वर्षं पहिलीला अडवलं आणि दुसरी खिशात फोन घेऊन आरामात निघून गेली.

रेल्वेने पुढे काय केलं तेही महत्त्वाचं. 'शिट्टी नीट ऐका' एवढ्यावर ते थांबले नाहीत. २०१९ च्या जानेवारीअखेर ब्रॉडगेजवरची सगळी बिनफाटकाची क्रॉसिंग काढून टाकली. फाटक, पूल किंवा भुयारी रस्ता. लोकांच्या कानावर विसंबणंच सोडून दिलं.

ज्याला खरंच ऐकायचं आहे तो

शेवटची गोष्ट, आणि ही उलट्या दिशेची आहे. सध्या इलेक्ट्रिक गाड्या वाढतायत. कमी वेगात त्यांचा आवाज जवळजवळ नसतोच. चाकांचा आवाज सुरू व्हायला थोडा वेग यावा लागतो. त्यामुळे २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या १३८ क्रमांकाच्या नियमाने ठरवलं की अशा गाडीने ताशी २० किलोमीटरपर्यंत आणि रिव्हर्समध्ये आपणहून आवाज करायचा. युरोपने २०१९ पासून नव्या मॉडेलना तो सक्तीचा केला. आपल्याकडे २०२५ च्या सप्टेंबरमध्ये केंद्राने तसाच मसुदा काढला.

हा नियम कुणासाठी आहे? ड्रायव्हरसाठी नाही. तो आहे पायी चालणाऱ्यासाठी, अंध माणसासाठी, डोक्यावर भारा घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या बाईसाठी, शाळेतून येणाऱ्या पोरासाठी. म्हणजे १८९६ च्या कायद्याने ज्याचा विचार केला होता, त्याच माणसासाठी. सव्वाशे वर्षं फिरून आपण पुन्हा त्याच्यापाशी आलो.

आमच्या गावातल्या लोकांना शेताकडे, कंपनीकडे, दवाखान्याकडे जाताना हा महामार्ग रोज लागतो. डोक्यावर भारा असला की मान वळत नाही, तेव्हा कानच सांगतो गाडी किती लांब आहे. त्या माणसाला आपल्या इंजिनाचा आवाज पोचावा म्हणून आजूबाजूचे बिनकामाचे आवाज कमी व्हायला हवेत. एवढं तर आपल्या अंगठ्यात आहे, हॉर्नच्या बटणावरच असतो तो.

दादाचं काय झालं, विचाराल. यंदा सुगी आटोपली की पुन्हा अर्ज भरायचाय. या वेळी काकूबरोबर मी जाणार आहे, सोबत दोन्ही कागदांची प्रिंट. चाचणीत तो पास होईल का नापास, ते तिथला निरीक्षक ठरवेल. पण चाचणी तरी होऊ दे!

पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. आणि पॉज करून गाडी बाजूला घेऊन ऐकलंत त्यांना खास धन्यवाद. आता फोन खिशात, हेल्मेट डोक्यात, आरसा सरळ. निघा सावकाश.